सरकती माइटर करवत आणि वाड्याचे सागवान : घरच्या कामातील एका अपघाताचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वाई परिसरातील एक जुना वाडा उतरवला गेला, तेव्हा वाटणीत एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या वाट्याला सागवानाच्या आठ फळ्या आल्या. प्रत्येक फळी साधारण ४० मिलिमीटर जाड, २८० मिलिमीटर रुंद आणि दीड ते दोन मीटर लांब होती. लाकूड उत्तम होते, परंतु कित्येक दशके माळ्यावर पडून राहिल्यामुळे काही फळ्यांना बाक आला होता, दोन फळ्यांना पीळ होता आणि जवळजवळ सर्वच फळ्यांमध्ये जुने खिळे रुतलेले होते. या फळ्या विकण्याऐवजी त्यांचे पुस्तकांचे फडताळ स्वतःच्या हाताने करावे, असे या गृहस्थांनी ठरवले.

गृहस्थ एकसष्ट वर्षांचे, हाताने काम करण्याची आवड असलेले आणि स्वभावाने सावध आहेत. त्यांनी पूर्वी देव्हाऱ्याचा पाट, पाण्याच्या माठाची तिवई अशी कामे हातकरवतीने केली होती. विजेची करवत मात्र कधी वापरली नव्हती. मी अनेक वर्षे सुतारकाम शिकवले असल्याने खरेदीपूर्वी त्यांनी मला दूरध्वनी केला. मी यंत्राची क्षमता विचारली, ती योग्य असल्याचे सांगितले आणि विषय तेथे संपला. लाकूड कोणते, ते सरळ आहे का आणि यंत्र कोठे बसवणार, हे तीन प्रश्न मी विचारले नाहीत. या प्रकरणातील पहिली चूक त्यामुळे माझी आहे, आणि ती मी आरंभीच नोंदवून ठेवतो.

यंत्र आणि जागा

त्यांनी २५५ मिलिमीटर पात्याची सरकती माइटर करवत, म्हणजे फळी आडवी किंवा कोनात कापणारी विजेची करवत, घेतली. साधी माइटर करवत केवळ वरून खाली येते, त्यामुळे तिच्यावर रुंद फळी एका कापात तुटत नाही. सरकत्या करवतीचे डोके, म्हणजे मोटर आणि पाते असलेला भाग, मात्र दांड्यांवर मागेपुढे सरकते आणि या आकाराच्या यंत्रात सरळ कापाला सुमारे ३०० मिलिमीटर रुंदी मिळते. पंचेचाळीस अंशांचा कोन मारताना हीच रुंदी २१५ मिलिमीटरच्या आसपास येते, कारण तीच धाव आता तिरकी पडते. गृहस्थांच्या फळ्या २८० मिलिमीटरच्या असल्याने सरळ कापासाठी हे यंत्र पुरेसे होते.

यंत्र घराच्या पुढच्या पडवीत, एका जुन्या लाकडी टेबलावर ठेवले गेले. डोके पूर्ण मागे गेले की दांड्या यंत्राच्या पाठीमागे बाहेर येतात, म्हणून टेबल भिंतीपासून दूर ओढावे लागले. परिणामी टेबल आणि पडवीत उभी असलेली दुचाकी यांच्यामध्ये उभे राहण्यास जेमतेम दोन फूट जागा उरली. बाजूला सरकण्यास वावच नसल्यामुळे काम करणारी व्यक्ती नेमकी पात्याच्या रेषेत उभी राहत होती. यंत्र टेबलाला बोल्टने आवळलेले नव्हते आणि लांब फळीच्या टोकाला आधार म्हणून पत्र्याचा डबा ठेवला जात होता.

वीज घरातील ६ अँपिअरच्या सॉकेटवरून, गुंडाळी न सोडलेल्या बारीक वायरीच्या एक्स्टेंशनने घेतली होती. यंत्र १८०० वॅटचे आहे. २३० व्होल्टला ते जवळपास ८ अँपिअर ओढते. वायर गरम होते हे गृहस्थांच्या पत्नीच्या लक्षात आले होते, आणि "अहो, ही वायर हाताला चटका देते आहे," असे त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितले होते. त्यावर उपाय म्हणून दर अर्ध्या तासाने विश्रांती घेण्याचे ठरले; वायर बदलली गेली नाही.

आणखी एक बदल गृहस्थांनी स्वतःहून केला होता. यंत्रासोबत आलेले पाते काढून त्यांनी बाजारातून चोवीस दातांचे, उभ्या (लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाणाऱ्या) कापासाठीचे पाते आणून बसवले होते, कारण दुकानदाराच्या मते ते "झपाझप" कापते. ते खरेही आहे. त्या दातांचा कल पुढे झुकलेला असतो आणि असे पाते लाकडात स्वतःहून शिरू पाहते. टेबल करवतीवर हा गुण उपयोगी पडतो. सरकत्या माइटर करवतीवर तोच अंगाशी येतो.

एका बाबतीत मात्र त्यांनी योग्य निर्णय घेतला होता. ओळखीच्या एका सुताराने पात्याचे खालचे गार्ड, म्हणजे दात झाकणारे सरकते आवरण, तारेने वर बांधून टाकण्याचा सल्ला दिला होता, म्हणजे पेन्सिलची रेघ नीट दिसते. गृहस्थांनी तो मानला नाही.

काय घडले

पहिले दोन दिवस सराव म्हणून खोक्यांच्या पाइनच्या फळ्या कापल्या गेल्या. त्या १५ मिलिमीटर जाड आणि मऊ होत्या. गृहस्थांनी पाते फळीच्या मागच्या बाजूला, फेन्सजवळ (फळी जिला टेकते त्या यंत्राच्या उभ्या पट्टीजवळ) खाली उतरवून डोके स्वतःकडे ओढण्याची पद्धत अंगीकारली. तसे केल्याने रेघ समोर दिसते आणि ओढण्यास फारसा जोर लागत नाही. पाइनमध्ये प्रत्येक काप स्वच्छ निघाला. जोर का लागत नाही, याचा विचार करण्याची तेव्हा गरज भासली नाही.

तिसऱ्या दिवशी सागवान घेतले गेले. चार फळ्यांचे मोठे काप निर्विघ्न पार पडले. सायंकाळी सहाच्या सुमारास, प्रकाश उतरत असताना, फडताळाच्या तळाशी लावायच्या आधाराचे तुकडे कापायचे राहिले होते. प्रत्येक तुकडा १४० मिलिमीटर लांब हवा होता. उरलेली फळी सुमारे ११०० मिलिमीटर लांब होती आणि तिच्या कडेला मध्यभागी पाचएक मिलिमीटरचा बाक होता. फळी फेन्सला लावताना बाकाची पोकळ बाजू फेन्सकडे आली, म्हणजे फळी फक्त दोन टोकांना टेकली आणि मधल्या भागात फट राहिली. यंत्रासोबतचा क्लॅम्प, म्हणजे फळी आवळून धरणारा शिकंजा, खोक्यातच होता. गृहस्थांनी डाव्या हाताने आखूड बाजू धरली. त्यांची बोटे पात्यापासून चार ते पाच सेंटिमीटरवर होती.

पाते मागे उतरवून ओढण्यास सुरुवात झाली. निम्म्या वाटेवर एक गाठ लागली. मोटरचा आवाज दबला, क्षणभर पाते मंदावल्यासारखे वाटले आणि लगेच संपूर्ण डोके फळीवर चढून वेगाने गृहस्थांच्या अंगावर आले. आखूड तुकडा डाव्या टोकावर टेकलेला असल्याने त्याभोवती फिरला आणि त्याच्यासोबत डावा हात पात्याकडे गेला. खटका सुटला, डोके वर उचलले गेल्यावर गार्ड खाली आले. डाव्या तर्जनीचे टोक नखासकट चिरले होते आणि सदऱ्याच्या बाहीची कड फाटली होती.

पुढची दहा मिनिटे बरीच व्यवस्थित हाताळली गेली. पत्नीने प्रथम सॉकेटचे बटण बंद करून पिन काढली, नंतर स्वच्छ टॉवेलने बोट घट्ट दाबून हात खांद्यापेक्षा उंच धरायला लावला. शेजारून हळदीची वाटी आली होती. ती त्यांनी नम्रपणे परत पाठवली, कारण जखमेत काहीही भरल्यास डॉक्टरांना ती आधी धुऊन काढावी लागते. भाच्याने गाडी काढली आणि अर्ध्या तासात ते रुग्णालयात पोहोचले. क्ष-किरण तपासणीत हाड शाबूत निघाले. तीन टाके आणि धनुर्वाताचे इंजेक्शन एवढ्यावर भागले. बोटाचा भाग तुटून वेगळा झाला असता, तर तो ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची असते, थेट बर्फावर नाही. हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

कारणांचा शोध

चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. गृहस्थांचे स्वतःचे निदान "माझे लक्ष उडाले" असे होते. मला ते पटले नाही. लक्ष उडालेला माणूस रेघ इतकी अचूक पकडत नाही. काप गाठीपर्यंत रेघेवर तंतोतंत होता. त्यांचे लक्ष पूर्णपणे रेघेवर होते, आणि यंत्राने जे केले ते त्याच्या रचनेनुसार केले.

माइटर करवतीचे पाते असे फिरते, की आपल्याकडील दात खाली जातात, तळाचे दात फेन्सच्या दिशेने धावतात आणि मागचे दात वर उठतात. तळाचे दात लाकूड मागे रेटतात, म्हणजेच लाकूड डोक्याला आपल्याकडे रेटते. डोके फेन्सकडे ढकलत कापले, तर आपला हात आणि ही प्रतिक्रिया एकमेकांविरुद्ध राहतात, त्यामुळे पाते किती वेगाने पुढे जाईल हे आपल्या हातात राहते. डोके स्वतःकडे ओढत कापले, तर आपला जोर आणि पात्याचा जोर एकाच दिशेने लागतात. पाइनमध्ये "जोर लागत नाही" असे वाटत होते, ते याच कारणाने. काम सोपे नव्हते, तर पाते स्वतःला ओढून नेत होते. जाड सागवान, गाठ आणि पुढे झुकलेले दात एकत्र आले, तेव्हा पात्याने लाकडात शिरण्याऐवजी त्यावर चढणे पसंत केले.

वेगाचा अंदाज असलेला बरा. २५५ मिलिमीटर पात्याचा परीघ जवळपास ८० सेंटिमीटर असतो. मिनिटाला ४५०० फेरे धरले, तर दाताचा वेग सेकंदाला ६० मीटर, म्हणजे तासाला दोनशे किलोमीटरहून अधिक होतो. एवढ्या वेगापुढे हात मागे घेण्याची चपळाई हा उपाय ठरू शकत नाही.

बाकाचा प्रश्न वेगळा, पण तितकाच महत्त्वाचा आहे. पोकळ बाजू फेन्सकडे असली, की कापाच्या रेषेत लाकडाला पाठीमागून आधार नसतो. काप होऊ लागताच दोन्ही भाग आत झुकतात आणि पात्याला चिमटीत धरतात. फुगीर बाजू फेन्सला लावली, तर फळी कापाच्या जागी टेकते आणि काप उघडता राहतो. टोके हलतात, म्हणून क्लॅम्प लागतो, एवढेच. बारीक वायरीमुळे भाराखाली व्होल्टेज उतरले आणि मोटर मंदावली, हेही गाठीच्या क्षणी घडले असणे शक्य आहे. परंतु त्याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून मी त्याला दुय्यम कारण मानतो.

पर्यायांचा विचार

गृहस्थांच्या पत्नीचे मत स्पष्ट होते : यंत्र विकावे आणि उरलेले काम सुताराकडून करून घ्यावे. हा पर्याय अवास्तव नव्हता. आठ फळ्यांच्या एका फडताळासाठी हे यंत्र आवश्यक होते का, असे मला कोणी विचारले, तर उत्तर नाही असेच आहे. गुण्याने (काटकोन मापण्याच्या साधनाने) रेघ आखून हातकरवतीने कापणे आणि टोके रंध्याने साफ करणे, हा दुसरा पर्याय होता. त्यात पंधरवडा गेला असता, इतकेच. भाच्याने तिसरा मार्ग सुचवला. "मामा, वखारीतूनच सगळे तुकडे कापून आणू," असे त्याचे म्हणणे होते. त्यात अडचण ही, की खिळे असलेले जुने लाकूड वखारवाले कापायला सहसा घेत नाहीत, आणि घेतले तरी मापाची जबाबदारी घेत नाहीत.

चौथा पर्याय, म्हणजे यंत्र ठेवून पद्धत बदलणे, गृहस्थांना हवा होता. माझी अट अशी होती, की यंत्रावर फक्त सरळ केलेले लाकूड जाईल आणि २०० मिलिमीटरपेक्षा आखूड तुकडा हाताने धरून कापला जाणार नाही. पत्नीची अट अधिक व्यवहारी होती : घरात दुसरे कोणी नसताना यंत्र सुरू होणार नाही. दोन्ही अटी मान्य झाल्या आणि शेवटी मिश्र मार्ग निघाला. लाकूड सरळ करणे वखारीत, रुंद आडवे काप यंत्रावर आणि आखूड तुकडे हातकरवतीने, अशी कामाची वाटणी ठरली.

केलेली कृती

टाके निघेपर्यंत यंत्राला हात लावला गेला नाही. त्या काळात खिळे काढण्याचे काम झाले. सागवानात खिळ्याभोवती काळसर डाग पडतो, त्यामुळे डोके तुटलेला खिळाही सापडतो; तरीही प्रत्येक फळीवरून जाड लोहचुंबक फिरवण्यात आले आणि त्यातून आणखी सात खिळे निघाले. खिळेमुक्त फळ्या वखारवाल्याने रंधा मशीनवर घेतल्या. पिळाच्या दोन फळ्या त्याने परत केल्या, आणि ते योग्यच झाले.

टेबल पडवीतून हलवून गाडीच्या शेडमध्ये नेले. यंत्र चार बोल्टनी आवळले. दोन्ही बाजूंना यंत्राच्या पृष्ठाच्या समपातळीत फळीला आधार देणारे लाकडी घोडे उभे केले. वायरमनकडून १६ अँपिअरचा पॉइंट आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली व तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला. पाते बदलून साठ दातांचे, दातांचा कल उणे पाच अंश, म्हणजे किंचित मागे झुकलेला, असलेले बसवले. त्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त आहे, हे आधी पाहिले. असे पाते हळू कापते आणि लाकडात स्वतःहून घुसत नाही.

कापण्याची पद्धत मी पिन काढलेल्या यंत्रावर शिकवली. फुगीर बाजू फेन्सला, फळी सपाट, क्लॅम्प आवळलेला, हात पात्यापासून किमान १५० मिलिमीटर दूर. पहिल्यांदा मोटर बंद ठेवून डोके पूर्ण स्वतःकडे ओढायचे. मग खटका दाबून पाते पूर्ण वेगात येऊ द्यायचे, फळीच्या पुढच्या कडेला खाली उतरवायचे आणि सावकाश फेन्सकडे ढकलत न्यायचे. काप संपला की डोके खालीच ठेवून खटका सोडायचा, पाते थांबेपर्यंत वाट पाहायची आणि नंतरच ते उचलायचे. शेवटची पायरी सर्वांत कंटाळवाणी असते आणि सर्वप्रथम तीच वगळली जाते. फिरते पाते उचलताना बाजूला पडलेला तुकडा दातांना लागला, तर तो गोळीसारखा उडतो. ढकलतानाही मागचे दात वर उठत असल्याने फळी किंचित उचलली जाऊ शकते, म्हणून क्लॅम्प येथेही हवाच. गृहस्थांनी हा संपूर्ण क्रम वीज नसताना वीस वेळा केला. उभे राहण्याची जागा पात्याच्या रेषेच्या डावीकडे खडूने आखली.

एकसारख्या लांबीच्या फळ्यांसाठी मापाचा ठोकळा लावायचा होता. तो क्लॅम्प केलेल्या बाजूलाच लावला आणि तुटून पडणारी बाजू मोकळी ठेवली. ठोकळा तुटणाऱ्या बाजूला असता, तर तुकडा ठोकळा व पाते यांच्यामध्ये अडकून फेकला गेला असता.

अंगावर अर्ध्या बाह्यांचा सदरा, चष्म्यावर गॉगल, कानांवर मफ आणि तोंडाला एन-९५ मास्क असा वेश ठरला. हातमोजे घालायचे नाहीत, कारण दाताने मोजा पकडला, तर तो हातालाही ओढून नेतो. मनगटावरचा पूजेचा धागा काढण्यास गृहस्थांनी आढेवेढे घेतले. शेवटी तो यंत्रावर काम करण्यापूर्वी काढून देव्हाऱ्यात ठेवण्यावर तडजोड झाली. मास्कचा आग्रह केवळ शिंकांसाठी नव्हता. सागाच्या भुशाने त्वचा व श्वासमार्गाला त्रास होतो, आणि लाकडाच्या भुशाची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवात कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केलेली आहे.

परिणाम

अपघातानंतर सहाव्या आठवड्यात फडताळ उभे राहिले. यंत्रावर एकूण बावीस काप झाले, एकही उसळला नाही. एकदा गाठीपाशी मोटरचा आवाज दबला. गृहस्थांनी ढकलणे थांबवले, पात्याने वेग पकडला आणि काप पुढे गेला. दोन कापांची टोके गुण्याला अर्धा मिलिमीटर कमी पडली, ती रंध्याने काढली. आधाराचे १४० मिलिमीटरचे चार तुकडे हातकरवतीने कापण्यास पाऊण तास लागला. बोटाचे नख परत आले आहे, परंतु थोडे वाकडे. थंडीत टोक बधिर होते.

पुन्हा करायचे झाल्यास

निर्णयाचे खरे क्षण तीन होते, आणि तिन्ही खटका दाबण्यापूर्वीचे होते. सरावासाठी पातळ पाइन घेणे हा पहिला. सोप्या लाकडावरचा सराव चुकीची पद्धत लपवतो, म्हणून पुढच्या वेळी मी त्याच जातीच्या, त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर, क्लॅम्प लावून सराव करून घेईन. दुसरा क्षण वायर गरम असल्याचे सांगितले गेले तेव्हाचा. घरातील ज्या व्यक्तीचा यंत्राशी संबंध नव्हता, तिचे निरीक्षण बरोबर होते, आणि तिथेच काम थांबून यंत्राची संपूर्ण मांडणी तपासली गेली असती, तर जागा, पाते आणि क्लॅम्प हेही विषय कदाचित निघाले असते. तिसरा क्षण सायंकाळी सहाचा. आखूड तुकडे सर्वांत धोक्याचे आणि तेच दिवसाच्या शेवटी राहिले. ते लांब फळीपासून सकाळी हातकरवतीने कापून ठेवणे सहज शक्य होते.

एका मुद्द्यावर आमचे अद्याप एकमत नाही. गृहस्थांच्या मते यंत्र योग्य पद्धतीने वापरल्यास घरात असायला हरकत नाही. मला वाटते, वर्षातून बावीस काप करणाऱ्या माणसाने ते विकावे, कारण पद्धत हातात राहते ती सततच्या सवयीने, आणि पुढच्या वर्षी तो क्रम त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागेल. सध्या यंत्राची पिन एका छोट्या कुलूपबंद डबीत असते आणि डबीची किल्ली त्यांच्या पत्नीकडे असते. वखारीने परत केलेल्या पिळाच्या दोन फळ्या शेडच्या भिंतीला टेकून उभ्या आहेत.